खिडकीकर, भिंतकर, दारकर

आमच्या कॉलेजच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत समाजशास्त्र विभागाच्या पानावर एक वाक्य आहे : 'प्रकृतीच्या कारणास्तव सरांनी स्वेच्छेने निवृत्ती घेतली.' ते मी लिहिलेलं आहे. त्यात 'सरांनी' एवढाच शब्द खरा आहे. सरांची प्रकृती माझ्यापेक्षा चांगली होती. पंचवटीतून पूल ओलांडून वर येणारा चढ ते सायकलवरून न उतरता, शिवाय गात गात चढायचे. स्वेच्छेबद्दल तर न बोललेलंच बरं.

आता माझं वय झालं. स्मरणिका छापणारे गेले, वाचणारे मुळात फारसे नव्हतेच. तरी ते वाक्य तिथे आहे, आणि ते खोडायचं तर मलाच खोडलं पाहिजे. त्याच्या मागे एका मुलीची नोकरी आहे आणि सरांची खुर्ची आहे. दोन्ही माझ्या एका खऱ्या बोलण्यामुळे गेल्या. खोटं बोललो असतो तर मनाला इतकी वर्षं लागून राहिलं नसतं.

सर शिकवायचे तो पेपर शेवटच्या वर्षाच्या मुलांना असायचा : मानवी वंश, जमाती आणि समाज. कोणालाच नको असायचा. पुस्तक फार जुनं. त्यात जगातल्या माणसांचा एक तक्ता होता. डोकं लांबट की गोल, नाक धारदार की बसकं, यावरून माणूस कुठल्या वंशाचा ते ठरायचं. शेजारी फोटो. प्रत्येक माणूस एकदा समोरून, एकदा बाजूने, पोलिसांनी चोरीत पकडल्यासारखा. बाकीच्या कॉलेजांत हा तक्ता मुलांना उतरवून द्यायचे आणि पुढे जायचे. सरांना ते पटेना. "तक्ता खरा असेल तर वापरून बघू," ते म्हणाले, "आणि खोटा असेल तर जास्तच वापरून बघू."

डोकं मोजायला एक धातूचा चिमटा लागतो. प्राचार्यांनी तो मागवायला नकार दिला. मग सरांनी जुन्या नाशकातल्या एका सुताराकडून लाकडाचा बनवून घेतला. त्या सुताराने जन्मभर पाळणे केलेले. त्याला नुसत्या दोन काठ्या ओक्याबोक्या वाटल्या असाव्यात. त्याने दोन्ही टोकांना एकेक पोपट कोरून दिला. त्यामुळे डोकं मोजून घेणाऱ्याच्या दोन्ही कानांवर पोपट बसायचे आणि मधून सर गंभीर चेहऱ्याने आकडा वाचायचे.

त्या चिमट्याखालून सगळं कॉलेज गेलं. एकदा संस्थेचे अध्यक्ष आले होते. चांदवडकडचे, कांद्याच्या व्यापारात उभं आयुष्य गेलेलं, पण शिक्षणाविषयी मनापासून आदर. सरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, पोपट लावले.

"काय मास्तर, आमचं डोकं चाललं का?" अध्यक्षांनी विचारलं.

"चाललं म्हणजे? थेट नॉर्वेपर्यंत गेलं."

"कुठं?"

सरांनी तक्ता उघडून दाखवला. अध्यक्षांचं डोकं आणि नाक नॉर्वेतल्या एका मच्छीमाराच्या खान्यात अगदी चपखल बसत होतं. अध्यक्ष त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "हा आमच्या चुलत्यासारखा दिसतो हो," ते हळूच म्हणाले. पुढे मला चांदवडच्या लोकांकडून कळलं, की अध्यक्ष लग्नकार्यात कोणी मासळीचा विषय काढला की 'आमचं मूळ तिकडचं' असं म्हणू लागले होते. स्वतः माळकरी होते, आयुष्यात मासा चाखलेला नव्हता.

प्राचार्यांचं काही इतकं बरं झालं नाही. ते आणि कॉलेजचा रखवालदार एकाच खान्यात आले, दशांशापर्यंत. प्राचार्य म्हणाले, चिमटा खराब आहे. रखवालदार मात्र त्या दिवसापासून प्राचार्यांना सलाम करताना जरा आपुलकीने हसायचा.

"गंमत बघा," सर मला म्हणाले, "डोकं परत मोजा, असं प्रत्येक जण सांगतो. तक्ता फाडा, असं एकही म्हणत नाही."

सरांचं आडनाव सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा उपयोग कोणालाच नव्हता. ते अशा प्रकारचं होतं की चार जातींत सापडतं. नाशकात नवीन माणसाला आडनाव विचारतात तेव्हा विचारणाऱ्याला आडनाव नको असतं, हे आपल्याला माहीत आहे. सरांनाही माहीत होतं. कोणी "पूर्ण नाव काय म्हणालात?" असं विचारलं की ते विचारायचे, "कशासाठी हवंय? चहासाठी की सोयरिकीसाठी? चहासाठी असेल तर नुसतं नाव पुरे. सोयरिकीसाठी असेल तर माझ्याकडे द्यायला मुलगी नाही." घरावरच्या पाटीवर त्यांनी 'आत माणूस आहे' एवढंच लिहून घेतलं होतं. पोस्टमनने तक्रार केली. सर म्हणाले, "पत्र माणसाचंच आहे ना? मग टाका."

स्टाफरूममध्ये त्यांच्या जातीवर तर्क चालायचे. इतिहासवाले त्यांच्या डब्यावरून अंदाज बांधायचे, मराठीच्या बाई उच्चारांवरून, आणि मी, खोटं कशाला बोलू, ते देवळासमोरून जाताना सायकलचा वेग कमी करतात का यावर लक्ष ठेवून होतो. ते कुठल्याच देवळासमोर वेग कमी करत नसत. मिसळीच्या दुकानासमोर मात्र करायचे. आमच्यापैकी प्रत्येक जण रोज समाजशास्त्र, इतिहास किंवा साहित्य शिकवत होता, हे इथे सांगायला हवं.

पण सरांचं खरं वेड पुढेच आहे.

दरवर्षी पहिल्या तासाला ते वर्गात येऊन एक घोषणा करायचे. आज जो जिथे बसला आहे, ते त्याचे लोक. खिडकीच्या रांगेत बसलेले ते खिडकीकर. भिंतीला टेकलेले ते भिंतकर. दाराजवळचे ते दारकर. वर्षभर जागा बदलायची नाही. त्या त्या लोकांनी आपापल्या रीती तयार कराव्यात, कोणाला इजा होऊ नये एवढीच अट, आणि वर्षाच्या शेवटी 'माझे लोक' या विषयावर निबंध लिहावा.

मुलं पहिल्या आठवड्यात हसायची. गणपतीपर्यंत गंमत म्हणून करायची. दिवाळीनंतर कोणी हसत नसे.

खिडकीतून मैदान दिसायचं, त्यामुळे प्राचार्य येताना खिडकीकरांना आधी कळायचं. त्यांनी त्यासाठी खोकल्याची एक खूण ठरवली आणि ती बाहेर सांगायची नाही असा कायदा केला. भिंतकर वर्षानुवर्षं भिंतीला डोकी टेकवत आले होते. तिथे तेलाचा एक लांब काळपट पट्टा उमटला होता. एका उन्हाळ्यात संस्थेने भिंतीला रंग द्यायला माणसं पाठवली तर भिंतकर त्या पट्ट्यासमोर ठाण मांडून बसले. "हे आमच्या पूर्वजांचं आहे," असं एक मुलगा रंगाऱ्याला डोळ्यांत पाणी आणून सांगत होता. पूर्वज म्हणजे आदल्या वर्षीची बॅच. त्यातला एक तेव्हा समोरच्याच कँटीनमध्ये वडापाव खात होता.

एक खिडकीकर मुलगी आणि एक भिंतकर मुलगा यांचं जमलं. दोघांची जात एक, पत्रिका जुळत होती, दोन्ही घरचे खूश होते. विरोध फक्त वर्गातून झाला.

दारकरांची रीत सगळ्यात साधी होती. वर्गात शिरताना चौकटीवर वाकड्या बोटाने टकटक करायचं आणि आपल्या आधी जो बाहेर गेला असेल त्याचं नाव घ्यायचं. तिचा उगम मी डोळ्यांनी पाहिलेला आहे. पावसाळ्यात ते दार फुगून अडकायचं. बाहेरच्याने ठोकायचं आणि आतल्या कोणाला तरी नावाने हाक मारायची, म्हणजे तो आतून ओढायचा. दाराजवळच्या मुलांचं ते कामच होऊन बसलं होतं. पुढच्या वर्षी सुताराने रंधा मारून दार तासून दिलं. दार सुटलं, ठोकणं राहिलं. आत कोणाला हाक मारायची गरज उरली नाही, म्हणून मग बाहेर गेलेल्याचं नाव घ्यायला लागले. का, ते कोणी ठरवलं नाही. सर ते पाहून इतके हरखले की तास सोडून मला बोलवायला स्टाफरूममध्ये आले. "चला, चला लवकर! दार दुरुस्त झालं आणि श्रद्धा सुरू झाली!"

मी त्यांच्याहून ज्युनियर. रुजू झालो त्या आठवड्यात त्यांचा तास ऐकायला वर्गात जाऊन बसलो होतो. उकडत होतं म्हणून खिडकीपाशी बसलो. तेव्हापासून सर मला 'खिडकीकर' म्हणायचे. मी हसून सोडून द्यायचो, निदान मला तसं वाटायचं. नंतर कधीतरी स्टाफरूमची मांडणी बदलली आणि खिडकीची खुर्ची भूगोलाच्या बाईंकडे गेली. मी त्यांच्याशी एवढं भांडलो की त्यांनी पुढे कितीतरी वर्षं मला संक्रांतीचा तिळगूळसुद्धा कागदात गुंडाळून, दुसऱ्याच्या हाती पाठवला.

यमुना दारकर होती. पेठच्या पलीकडे डोंगरात तिचा पाडा. कोकणा जमातीची. वडील भाताची लावणी झाली की द्राक्षाच्या बागांवर कामाला यायचे. ती स्वतः अगदी लहानपणापासून आश्रमशाळेत वाढलेली. कॉलेजला असताना शहरात एका नातेवाइकांकडे राहायची, सोमवारी मात्र पाड्यावरून थेट एस.टी.ने यायची आणि उशीर व्हायचा. अशाच एका सोमवारी सर रजेवर होते आणि तास मी घेत होतो. निम्मा तास झाल्यावर दार उघडलं. टकटक झाली आणि तिने कुठल्यातरी सुरेशचं नाव घेतलं.

"हे काय?" मी विचारलं.

"रीत हाय सर."

"कोणाची?"

"दारकरांची."

"उशिरा यायची पण रीतच आहे वाटतं तुमची."

वर्ग हसला. यमुना बसली नाही. शांतपणे म्हणाली, "तसंच हाय सर. दारापाशी कोन बसतं? ज्याची एस.टी. उशिरा येते तो. खिडकी तवर भरलेली असती."

यावर खिडकीकर हसायचे थांबले आणि दारकर सुरू झाले. मी पुढे काय शिकवलं ते मला आठवत नाही. पण तिचं ते वाक्य मी विसरलो नाही. त्यात काही चूक नव्हती, हेच मला खुपत राहिलं. सर चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडतात असं मी समजत होतो. पोरं पहिल्या दिवशी कुठे बसतात हे आधीच कुठेतरी ठरलेलं असतं, हे सरांना ठाऊक होतं आणि तिला ठाऊक होतं. मला नव्हतं.

बी.ए. झाल्यावर यमुनाने डी.एड. केलं आणि आदिवासींसाठी राखीव जागेवर तिची शिक्षिका म्हणून निवड झाली. तेव्हा निवड होऊन भागत नसे. जमातीचा दाखला खरा आहे का, हे एका कचेरीत तपासलं जायचं. कागद बघायचेच, शिवाय माणूस खरोखर त्या जमातीचा वाटतो का तेही विचारून बघायचे. तुमचे देव कोणते, लग्नात काय म्हणता, मेल्यावर काय करता. ठरलेल्या मुदतीत ही पडताळणी झाली नाही तर नोकरी जायची.

यमुनाला अधिकाऱ्यांनी लग्नातलं गाणं म्हणायला सांगितलं. तिला आश्रमशाळेतली सकाळची प्रार्थना येत होती आणि झेंडावंदनाची गाणी येत होती. तिने देवांची नावं सांगितली, ती अर्धीच अधिकाऱ्यांच्या पुस्तकाशी जुळली. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या लोकांची खास अशी एखादी रीत सांगा. दुसऱ्या कोणात नसेल अशी."

तिने दारातली रीत सांगितली. आमच्या पाड्यावर सगळे करतात, असंही सांगितलं.

ती अधिकाऱ्यांच्या पुस्तकात नव्हती. तज्ज्ञ म्हणून त्यांनी आमच्या विभागाला बोलावणं पाठवलं. सर जाणारच होते. प्राचार्यांनी मला सोबत पाठवलं, "कोणीतरी जबाबदार माणूस हवा," असं म्हणून. मला ते विशेषण आवडलं होतं.

कचेरीत एक लांब टेबल, मागे अधिकारी, एका बाजूला भिंतीशी यमुना उभी. सरांना आणि मला खुर्च्या दिल्या. सरांच्या शबनम पिशवीतून एका पोपटाचं डोकं बाहेर आलेलं होतं.

"सर, हो किंवा नाही एवढंच सांगा," अधिकारी म्हणाले. "ही रीत या जमातीत आहे का?"

"आहे."

"आमच्या पुस्तकात नाही."

"पुस्तकात मीही नाही. तरी आलोय."

"तुम्ही स्वतः पाहिली आहे?"

"कित्येक वर्षं."

"कुठे?"

"दारात."

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

मी तिथे काय बोललो ते मला अजून शब्दन् शब्द येतं, कारण ते मी छान मुद्देसूद बोललो होतो. "नाही साहेब. ही रीत आमच्या वर्गातली आहे. पावसाळ्यात दार फुगायचं, तेव्हा मुलं ठोकायची. त्यातून ती पडली. तिचा कुठल्याही जमातीशी संबंध नाही."

"सर, मी पाड्यावरचं सांगितलं," यमुना म्हणाली.

"पाड्यावर ती तूच नेली असशील."

"नेली. सरांच्या वर्गात आले त्याच दिवाळीत. तवापासून करतात ना सगळी."

"पण इकडची रीत तिकडे नेली म्हणून ती जमातीची होत नाही," मी म्हणालो.

"मग कशी होते?" सरांनी विचारलं.

ते माझी अडवणूक करत नव्हते. खरोखर उत्सुकतेने, पुढे वाकून विचारत होते. मी अधिकाऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"सर, इथे प्रश्न आम्ही विचारतो."

"बरोबर. मग आता मी तुमची पडताळणी करतो, म्हणजे मलाही हक्क येईल," असं म्हणून सरांनी चिमटा बाहेर काढून टेबलावर ठेवला. "तुमच्या घरी लग्नात घाणा भरताना बायका गाणं म्हणतात. म्हणून दाखवा."

"ते बायका म्हणतात. मला कसं येईल?"

"हळद लागताना कुठला झाडपाला लागतो?"

"ते आई बघते."

"कुलदैवताचा नैवेद्य?"

"अहो, ते सगळं गावी भाऊ करतो!"

"अरेरे," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरीच कळकळ होती. "तुमची तर नोकरी जाईल हो."

शिपाई हसला. यमुनासुद्धा हसली. तेवढ्यावर सगळं संपलं. दाखला नामंजूर झाला, मुदत टळली, नोकरी गेली.

आता जे लिहायला इतकी वर्षं लागली ते. मी सत्य बोललो, असं मी घरी सांगितलं, प्राचार्यांना सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. पण अधिकारी माझ्याकडे वळले त्या घडीला माझ्या मनात सत्य वगैरे काही नव्हतं. भिंतीशी उभ्या असलेल्या त्या मुलीकडे बघून माझ्या मनात आलं होतं, 'शेवटी दारकरच ती.' वंश आणि जमाती शिकवणाऱ्या विभागातला मी एक प्राध्यापक, एका उकाड्याच्या दिवशी खिडकीपाशी बसलो म्हणून एका जातीचा झालो होतो, आणि त्या जातीचा म्हणून मी तिथे बोललो. सरांनी शिकवलेलं सगळ्यात नीट कोणी गिरवलं असेल तर ते मीच.

पुढचं सगळं हास्यास्पद होत गेलं. कॉलेजने चौकशी बसवली. आरोप : विद्यार्थ्यांना बनावट रूढी शिकवणे. नॉर्वेचे अध्यक्ष सरांच्या बाजूचे होते, पण कोणी शिष्टमंडळ घेऊन आलं तर मला बोलता येईल, म्हणाले. जुने विद्यार्थी आले, कुठून कुठून आले. मनमाडहून एक रेल्वेतला तिकीट तपासनीस आला, नांदगावहून एक कापडवाला आला. पण खिडकीकर भिंतकरांबरोबर एका शिष्टमंडळात यायला तयार होईनात. आधी कोणी आत जायचं यावरून व्हरांड्यात बोलाचाली झाली. दारकर म्हणाले, दार आमचं आहे, आधी आम्ही. अध्यक्षांनी आतून हा गलका ऐकला आणि बैठक उरकून टाकली.

सर व्हरांड्याच्या कठड्याला टेकून हे बघत होते. त्यांच्या नोकरीचा निकाल लागत होता आणि ते पोट धरून हसत होते. "सगळे पास!" ते मला म्हणाले. "एकही नापास नाही!"

राजीनामा त्यांनी दुसऱ्या दिवशी दिला. विभागाची खुर्ची माझ्याकडे आली. जाताना ते स्टाफरूमच्या दारात थांबले. मी खिडकीपाशी बसलो होतो, खुर्ची परत मिळवली होती ना.

"तुमच्यावर राग नाही," ते म्हणाले. "खरं वाटलं ते बोललात. पण घाई केलीत. आपल्या विषयात आधी जाऊन बघायचं असतं. पाडा काही लांब नव्हता. एस.टी. जाते तिकडे. उशिरा पोचते, पण जाते."

मी गेलो नाही. यमुनाने वर दाद मागितली. काही वर्षांनी चौकशीची माणसं न सांगता तिच्या पाड्यावर गेली आणि रीत तिथे आहे असं लिहून आली, हे मला एका विद्यार्थ्याकडून कळलं. तिला दाखला मिळाला. पहिली नोकरी गेली ती गेलीच, पुष्कळ उशिरा दुसरी मिळाली. तेव्हाही मी गेलो नाही. स्मरणिकेसाठी ते वाक्य लिहिलं तेव्हा गेलो नाही. सर वारले, अंत्ययात्रा माझ्या घराजवळून गेली, तिलाही मी गेलो नाही. मागच्या थंडीत, डॉक्टरांनी प्रवास जपून करा म्हणून सांगितल्यावर, मी पेठच्या गाडीत बसलो. खिडकीची जागा रिकामी होती. मी दारापाशी बसलो.

यमुना आता तिच्याच पाड्याजवळच्या शाळेत आहे. मी येणार असं कळवलेलं होतं. ती अंगणात नागली, म्हणजे आपली नाचणी, वाळत घालत होती. केस पांढरे व्हायला लागलेले. मला बघून उठली नाही, की तोंडही फिरवलं नाही.

"या सर. लय उशीर केला."

"एस.टी.," मी म्हणालो.

"हां. तीच असती."

ओट्यावर एक म्हातारी बसली होती, यमुनाची आत्या. एक बाई पाण्याचा हंडा घेऊन आली, चौकटीवर बोटाने टकटक केली, पुटपुटली आणि आत गेली. हात घासून घासून चौकटीवर तिथे एक गुळगुळीत काळपट डाग पडला होता, भिंतकरांच्या पट्ट्यासारखा.

"तिनं काय म्हटलं?" मी विचारलं.

"तिचा दादला भायेर गेलाय आधी," आत्या म्हणाली. "दादल्याचं नाव कसं घेनार? 'धनी' म्हनायचं. तशीच रीत हाय."

"कधीपासून आहे ही रीत?"

"पैल्यापासून. आमचे वाडवडील रानात जायचे. कोन परत यायचा, कोन नाय यायचा. जो गेला त्याचं नाव घरात राहावं, म्हनून घ्यायचं. आमची सासू करायची, तिची सासू करायची."

माझ्या जिभेवर आलं होतं. पावसाळा, फुगलेलं दार, सुताराने मारलेला रंधा, सगळं क्रमाने. मी तोंड उघडलंही. यमुना नागली सोडून आता सरळ माझ्याकडे बघत होती. मी तोंड मिटलं.

"बरोबर आहे," मी आत्यांना म्हणालो. "पहिल्यापासूनच आहे."

यमुनाने हात झटकले आणि उठून दारापाशी गेली. "चहा ठेवते. आत या." मग थांबली. "का तुमच्यासाठी खिडकी उघडू? तुम्ही खिडकीकर ना?"

आत्याला काही कळलं नाही, पण तीही हसली.

मी चपला काढल्या. चौकटीवर वाकडं बोट ठेवलं, त्या डागावरच. माझ्या आधी बाहेर कोण गेलं होतं ते मला शोधावं लागलं नाही. मी टकटक केली आणि सरांचं नाव घेतलं. नुसतं नाव. आडनाव लावलं नाही.

"मोठ्यानं घ्या सर," यमुना आतून म्हणाली. "चुलीपर्यंत ऐकू आलं पायजे."

मी पुन्हा टकटक केली आणि मोठ्याने घेतलं.